या घरात न चालणारं नाव

खोली बघायला गेले तेव्हा सरांनी मला चार प्रश्न विचारले. गाव कोणतं, आईचं माहेर कुठलं, मोठी बहीण आहे का, आणि सगळ्यात शेवटी, नाव काय. कर्वेनगरातल्या आधीच्या तीन घरमालकांनी पगार किती, अंडी खाता का आणि मित्र येणार का, एवढंच विचारलं होतं. त्यामुळे मला हे जरा घरगुती वाटलं. मी नाव सांगितलं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे नाव या घरात चालणार नाही."

मला वाटलं, आडनावाबद्दल बोलतायत. विदर्भातून येऊन पुण्यात खोली शोधणाऱ्या पोरीला हे ऐकायची सवय होते, पण सवय झाली म्हणून पारा चढायचा राहत नाही. मी विचारलं, "आडनावाची अडचण आहे का?"

"आडनाव राहू द्या. पहिलं नाव."

"काका, नाव बदलायला मी काय तुमच्या घरात लग्न करून आलेय?"

आत स्वयंपाकघरात कुणीतरी हसलं. सर मात्र रागावले नाहीत, उलट मुद्दा पटल्यासारखी मान हलवली. "बदलायचं नाही. तुमचं नाव तुमचंच आहे. इथं फक्त ते घ्यायचं नाही. इथं तुम्हाला कुमन्जाय म्हणतील. आणि मी काका नाही, सर म्हणा."

खोली गच्चीवर होती. दोन खिडक्या, एकीतून टेकडी दिसायची, आणि पाण्याचा नळ स्वतंत्र. मी तीन आठवडे खराडीत एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर जमिनीवर गादी टाकून झोपत होते. म्हटलं, कुमन्जाय तर कुमन्जाय. ऑफिसमधला अमेरिकेचा मॅनेजर माझं नाव याहून वाईट घेतो.

तेव्हापासून पावणेदोन वर्षं मी त्या घरात कुमन्जाय होते. वॉचमनकाकांना ते काही झेपलं नाही, त्यांनी त्याचं कुमुद करून टाकलं. मग इस्त्रीवाला, दूधवाला, समोरच्या बंगल्यातल्या आजी, सगळे कुमुदताई म्हणायला लागले. माझं एक कुरियर दोनदा परत गेलं, कारण वॉचमनकाकांनी छातीठोकपणे सांगितलं की या नावाचं इथं कुणी राहत नाही, वर फक्त कुमुदताई असतात. मी सव्वीस वर्षांची होते आणि सोसायटीच्या दृष्टीनं माझं नाव माझ्या आजीच्या मैत्रिणीचं होतं.

सर गेले त्याला आता पाच महिने झाले. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, लिही की, आता कशाला घाबरतेस. पण मी वर्ष होईपर्यंत थांबणार आहे, त्यांना ते आवडलं असतं. आणि त्यांचं लिहायचं नाही तर माझं कशाला.

सर भाषाशास्त्र शिकवायचे. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून ते ऑस्ट्रेलियाच्या अगदी मध्यावर, वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्ज नावाच्या गावी दोन वर्षं राहिले होते. ॲलिस स्प्रिंग्ज म्हटलं की सर ताबडतोब दुरुस्त करायचे, "म्बार्न्ट्वा. ॲलिस कोण? ती तर तिथं गेलीसुद्धा नव्हती." तिथले मूळचे लोक अरण्डा. त्यांच्या भाषेचा शब्दकोश करायचं काम चाललं होतं आणि एका म्हाताऱ्या बाईंसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायचं, त्या सांगतील ते लिहून घ्यायचं, हे सरांचं काम. बाकीच्या गोऱ्या मंडळींना त्या भाषेतला ण आणि ळ काही केल्या जमेना आणि सरांना ते पहिल्या दिवशी आले. एवढ्याच भांडवलावर आपण तिथं टिकलो असं ते सांगायचे.

पण बाईंनी पहिला आठवडा त्यांना एक शब्दही सांगितला नाही. तिथं माणूस आधी कुणाचा तरी कुणीतरी असावा लागतो. सगळ्या लोकांचे आठ गट, प्रत्येक गटाला नाव, आणि कोण कोणत्या गटातला यावरून कोण कुणाचा मामा, कोण कुणाचा जावई, हे ठरलेलं. नात्यात न बसणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी कसं, हा त्यांचा प्रश्न. आठवडाभर सरांना न्याहाळून बाईंनी एक दिवस जाहीर केलं की हा माझ्या बहिणीचा मुलगा. त्यांच्यात आईची बहीण म्हणजे आईच. सर आमच्याशी बोलताना त्यांना मावशी म्हणायचे. सख्ख्या मावशीबद्दल त्यांना मी कधी इतकं बोलताना ऐकलं नाही.

पुण्याला परत आल्यावर सरांनी आमच्या सोसायटीचे आठ गट पाडले. मी त्यांची नात लागत होते. दूधवाला भाचा. आणि सोसायटीच्या चेअरमनबाई त्यांच्या सासूबाई.

हे कसं झालं तेही सांगते. सरांच्या शेवग्याची एक फांदी चेअरमनबाईंच्या गाडीवर झुकायची आणि गाडीवर फुलं पडायची. बाईंनी त्यावर तीन पत्रं दिली. चौथं आलं त्या दिवशी सर कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास बसले, बाण काढले, खोडले, आणि समाधानानं म्हणाले, "सासू लागतात." अरण्डा लोकांत जावयानं सासूसमोर यायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही. हा अपमान नव्हे, हा आदर. झालं. त्या दिवसापासून चेअरमनबाई फाटकाशी दिसल्या की सर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

"अहो, शेवग्याचं काय केलंत?" बाई विचारायच्या.

"यांना सांगा," सर भिंतीला नाहीतर दूधवाल्याला सांगायचे, "की शेवगा स्वतःच्या मर्जीनं वाढतो."

"हे मला सासू म्हणतात? मी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे."

"सासू वयानं होत नाही, नात्यानं होते. सांगा त्यांना."

वार्षिक सभेला सर दोन तास व्यासपीठाकडे पाठ करून बसले. मी नंतर विचारलं, "सर, खरं सांगा, हे गणित बरोबर आहे?" तर म्हणाले, "गणित चोख आहे. फक्त दूधवाल्याला कुठल्या गटात घालायचं त्यावर सगळं अवलंबून होतं, आणि दूधवाला मी घातला."

हे ऐकून माणूस लबाड होता असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण पुढच्या वर्षी चेअरमनबाईंचे यजमान हॉस्पिटलात होते तेव्हा अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ डबा आमच्या घरून गेला. काकू डबा घेऊन वर वॉर्डात जायच्या आणि सर फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे. सासूशी बोलायचं नसलं तरी मिळवून आणलेलं आधी तिच्याकडे पोचवायचं, असाही तिकडचा नियम आहे म्हणे. सोयीचा नियम घेतला की गैरसोयीचाही घ्यावा लागतो, असं सर म्हणाले. बाईंनी नंतर शेवग्यावर पत्र दिलं नाही.

जेवताना सर बोलायचे नाहीत. हातांच्या खुणा करायचे, त्याही तिकडच्या. तिथं दुःखातल्या बायका कधीकधी महिनोन्‌महिने तोंडानं बोलत नाहीत, हातांनीच सगळा संसार चालवतात, असं त्यांनी सांगितलं होतं. सरांनी मीठ मागितलं की काकू लोणचं वाढायच्या. पाणी मागितलं की भात. त्यांना खुणा सगळ्या कळत होत्या, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

एकदा सरांनी मला विचारलं, "तुझ्या आईला तू पोटात आहेस हे पहिल्यांदा कुठं जाणवलं?" तोवर ते मला अरेतुरे करायला लागले होते. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? तर म्हणाले, तिकडे मूल जन्मतं कुठं याला फारसं महत्त्व नाही. आईला ते पहिल्यांदा हललेलं कळतं ती जागा त्या मुलाची. त्या जागेची जी कथा असेल, ती त्या मुलाची. ते मूल पुढं त्या जागेची काळजी घेतं.

मी यवतमाळला आईला फोन लावला.

"काऊन वं? कोन इचारते हे?"

"आमचे घरमालक."

"म्हातारा बरा हाये ना डोक्यानं?" आईनं विचारलं. मग एकदम मऊ आवाजात म्हणाली, "दारव्ह्याच्या यष्टी स्टँडवर. तुये बाबा रस आनाले गेले होते. मी बाकड्यावर बसली होती अन् तू लात मारली."

हे मला सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी सरांना सांगितलं तेव्हा ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मग दारव्ह्याचा स्टँड तुझा. त्याला नावं ठेवायची नाहीत. गेलीस की झाडून ये." मी हसले. पण दिवाळीला घरी जाताना गाडी दारव्ह्याला थांबली तेव्हा मी खाली उतरले. बाकडी आता सिमेंटची आहेत. एका बाकड्यावर कुणीतरी टाकलेलं केळ्याचं सालपट मी उचलून डब्यात टाकलं आणि कुणी बघितलं नाही ना, ते पाहिलं.

आता काकूंबद्दल. काकू टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, बोलायला कमी. सरांना जन्मभर 'अहो' म्हणाल्या. सर गेल्यावर मात्र त्या फोनवर त्यांचा उल्लेख नावानं करतात, तेही एकेरी. "चव्वेचाळीस वर्षं अहो अहो केलं, आता घेते नाव," म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले होते.

काकू रोज गच्चीवर यायच्या. कधी पापड घालायला, कधी नुसतंच कढीलिंबाच्या कुंडीला पाणी घालायला. आणि गच्चीचा दरवाजा ओलांडला की त्या मला माझ्या नावानं हाक मारायच्या. माझ्या खऱ्या नावानं. पहिल्यांदा मला बरंच वाटलं, घरात निदान एक माणूस शहाणं आहे म्हणून. मग लक्षात आलं की त्या ते जरा जास्तच वेळा घेतात. चहा घेतेस का, आणि नाव. पाऊस येईल असं वाटतं, आणि नाव. आज उशीर झाला का गं, आणि पुन्हा नाव. साध्या पाच वाक्यांत पाच वेळा. आणि घेताना माझ्याकडे बघायच्या नाहीत, पापडांकडे बघायच्या. खाली गेल्या की मी पुन्हा कुमन्जाय.

खाली बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर खिळा होता आणि त्याखाली रंगाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. मी बावळट नाही. पण विचारायचं धाडस व्हायला मला दीड वर्ष लागलं.

"माझ्या मुलीचं नाव," काकू म्हणाल्या. "तुझंच." हातातला पापड त्यांनी उलटा केला. "बंगळुरूला नोकरीला होती. डेंग्यू झाला. आठ दिवसांत गेली. तुझ्याच वयाची होती."

काकूंनीच पुढं सांगितलं. मुलगी गेल्यावर नातेवाईक भेटायला यायचे, आणि प्रत्येक जण दारातूनच तिचं नाव घेऊन हंबरडा फोडायचा. चौथ्या दिवशी सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, यापुढं या घरात हे नाव घ्यायचं नाही. फोटो काढून ठेवला. अरण्डा लोकांत माणूस गेलं की असंच करतात. त्याचं नाव बंद, फोटो बंद, त्याच्या जागेकडे जाणं बंद. त्याच नावाचं दुसरं कुणी असेल तर त्याला कुमन्जाय म्हणायचं. गेलेल्याला मागं ओढायचं नाही आणि राहिलेल्यांना सारखं टोचायचं नाही, म्हणून. काही काळानं ते नाव पुन्हा उघडतात.

"किती काळानं?"

"मी विचारलं होतं. ठरलेलं नसतं म्हणाले." काकूंनी पदराला हात पुसले. "तेव्हा त्यांची अवस्था बघवत नव्हती, म्हणून मी बरं म्हटलं. वाटलं, वर्षश्राद्धापर्यंत. सात वर्षं झाली. माझ्या आईनं वडलांचं नाव कधी घेतलं नाही. माझ्या एका चुलतीनं मुलाला सासऱ्यांचं नाव ठेवलं आणि मग ते घेता येईना म्हणून पोटच्या पोराला साठीपर्यंत बाळू म्हणाली. न घेतलेल्या नावांची मला सवय आहे गं. पण ती नावं दुसरं कुणीतरी घ्यायचं. हिचं कुणीच घेत नाही. कुणी घेतलंच नाही, तर माझ्यामागं ते पुसूनच जाईल."

मला सरांचा भयंकर राग आला. राग आला की मी जिना उतरते, हा माझा स्वभाव. सर टेबलाशी बसून शब्दकोशाची चिठ्ठी लिहीत होते. मी म्हटलं, "सर, हा तुमच्या घरचा रिवाज नाही. उसना आणलाय तुम्ही. आणि काकूंवर लादलाय."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी कपाटाखालची पत्र्याची पेटी दाखवली. मावशीच्या आवाजाच्या बेचाळीस कॅसेटी त्यात होत्या. मावशी गेल्याचं पत्र वीस वर्षांपूर्वी आलं, त्याच दिवशी सरांनी पेटीला फडकं बांधलं. त्यानंतर एकही कॅसेट ऐकली नाही, कुणाला दिली नाही, मावशीचं नाव घेतलं नाही. तिकडे आवाजसुद्धा बंद ठेवतात. "मी तिच्याकडून घेतलेलं हे एक तरी नीट पाळलंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते सगळे तिचं नाव घेऊन रडत होते. माझ्या कानात ते नाव हाक मारताना होतं. टेकडीवरून उशीर करून यायची, मी गच्चीतून हाक मारायचो. मला ते रडताना ऐकायचं नव्हतं."

मी भांडायला गेले होते, ती तशीच परत आले.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी आधी मी निव्वळ चक्रमपणा समजत होते. सरांना सिंहगडाच्या बाजूला जायचं असलं की ते वारज्यावरून, शिवण्यावरून वळसा घालून जायचे. रिक्षावाल्यांशी भांडायचे. काकूंना मुलगी पोटात असल्याचं पहिल्यांदा जाणवलं ते धायरीत, तिथं नुसती शेतं होती तेव्हा, एका विहिरीपाशी. धायरी तिची जागा. सर सात वर्षांत त्या रस्त्यानं गेले नव्हते.

मग ती मेल आली. सरांच्या जुन्या कॉलेजच्या पत्त्यावर आली होती, तिथल्या कारकुनानं पाठवून दिली. लिहिणारी मावशीची नात होती. तिकडे मुलांना अरण्डा भाषा शिकवायचं काम करते. आजीच्या आवाजातल्या टेप भारतात कुणाकडे तरी आहेत असं ऐकलं, आपणच का ते, एवढंच तिनं विचारलं होतं.

सरांचा कॉम्प्युटर कुणाच्याच कामाचा नव्हता, म्हणून रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलसाठी मी माझा लॅपटॉप खाली नेला. तिकडे दुपार होती. समोर माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती, हातात हा एवढा चहाचा मग, मागं दोन पोरं कशावरून तरी मारामारी करत होती. नमस्कार-चमत्कार झाले आणि तिनं सहजपणे आजीचं नाव घेतलं.

सरांनी तळहात वर केला. ती थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला समजलं.

"तुम्ही अजून पाळताय?" तिनं विचारलं. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. "आम्ही ते नाव केव्हाच उघडलं. सगळे एकत्र बसलो, तिच्या बहिणींनी हो म्हटलं. माझ्या भावाच्या मुलीचं तेच नाव आहे. ती बघा, ती केस ओढतेय ती."

सर पडद्याजवळ वाकून त्या पोरीकडे बघू लागले.

"तिचा आवाज आमच्याकडे कुणाकडेच नाही," ती म्हणाली. "आम्ही किती वर्षं शोधतोय. तुम्ही विचारलं का नाही?"

"माझा अधिकार नव्हता," सर म्हणाले.

"उघडायचा नव्हता, बरोबर आहे. पण बंद ठेवायचाही तुमच्या एकट्याचा नव्हता ना. ते घरचे मिळून ठरवतात."

सरांना तिचं ऐकू कमी येत असावं, कारण ते मला म्हणाले, "कुमन्जाय, जरा आवाज वाढव."

मी हात पुढं केला, तर ती मुलगी मग खाली ठेवून ताठ बसली होती. माझ्याकडे बघत होती. पुण्यात पावणेदोन वर्षांत या नावाला माणसं हसली होती, चुकली होती, अर्थ विचारत होती. ऐकून गप्प झालेलं हे पहिलं माणूस.

"तुमचं कोण गेलं?" तिनं सरांना विचारलं.

"मुलगी."

"किती दिवस झाले?"

"सात वर्षं."

ती हळूच म्हणाली, "मला वाईट वाटतं." मग तिनं विचारलं, "मुलीच्या आईला विचारलंत?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पोह्यांची चाळणी होती, तिच्यातून पाणी फरशीवर गळत होतं. त्यांना इंग्रजी सगळं कळतं.

"नाही," सर म्हणाले.

फोन संपला. टेप पाठवतो म्हणून कबूल झालं होतं. मी वायर गुंडाळत होते, निघून जावं की थांबावं ते ठरत नव्हतं. सर खुर्चीतच बसून होते. काकूंकडे न वळता ते म्हणाले, "उघडायचं का?"

"मी कधी बंद केलं होतं?" काकू म्हणाल्या आणि आत जाऊन पोहे परतायला लागल्या.

इतकं होऊनसुद्धा नाव आलं नाही. मला वाटत होतं, आता लगेच काहीतरी होईल. पण सात वर्षं न घेतलेलं नाव असं मागितल्याबरोबर तोंडात येत नाही. काकूंनी फोटो काढून खिळ्याला लावला, तो थोडा तिरका लागला, सरांनी स्टुलावर चढून सरळ केला. मला अजून दोघंही कुमन्जायच म्हणत होते. काकू तर आता गच्चीवरही अडखळायला लागल्या.

मधल्या काळात आम्ही टेपा करत होतो. मी जुन्या बाजारातून एक कॅसेट प्लेअर आणला, त्याचा पट्टा बदलून घेतला, आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन-दोन कॅसेटी लॅपटॉपवर घ्यायला सुरुवात केली. मावशीचा आवाज जाडसर होता, आणि ती खूप हसायची. एक शब्द ती बारा-बारा वेळा म्हणून घ्यायची, तरुण सर चुकायचे, ती पुन्हा म्हणायची. आमचे म्हातारे सर माझ्या शेजारी बसून कॅसेटीला उत्तर द्यायचे. आता बरोबर म्हणत होते. काकू भाजी निवडत ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही केवढे घाबरलेले असायचा तिथं." सर म्हणाले, "हो."

शेवटून दुसऱ्या कॅसेटवर एका जागी बराच वेळ नुसता वारा होता. सर पाणी आणायला गेले होते म्हणे. मग मावशीनं हाक मारली. तिनं सरांना दिलेल्या नावानं, लांबच्या माणसाला मारतात तशी, शेवट ताणून. आणि खूप लांबून, माइकच्या पार पलीकडून, तरुण सरांनी ओ दिली. सरांनी कॅसेट थांबवली, मागं घेतली आणि पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकली. मग उठून बाहेर गेले आणि पायऱ्यांवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली काकूंचा मिक्सर चालू होता. जिन्याच्या तळाशी सर येऊन उभे राहिल्याचं मला कळलं, कारण त्यांना जिन्यापाशी खाकरायची सवय होती. मग त्यांनी हाक मारली. नावानं. इतक्या हळू की मला वाटलं भास झाला.

त्यांनी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. मिक्सर थांबला.

मी चिमटा हातात घेऊन उभी राहिले. त्या आवाजात ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्यांदा सरांनी हाक मारली ती टेकडीपर्यंत जाईल अशी, पोरगी खेळायला गेलीय आणि दिवेलागण झालीय तशी, शेवट ताणून. ती हाक मला नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण हाक मारली की ओ द्यावी, माणसाला थांबवून ठेवू नये, एवढं माझ्या आईनं मला शिकवलंय. मी कठड्यावरून खाली वाकले आणि जोरात ओ दिली.